१/८ स्केलची इलेक्ट्रिक हायड्रोप्लेन बांधायची आहे?

लांबी मीटरभराहून थोडी जास्त, वजन सहा किलोच्या आसपास, वेग ताशी ८० ते १०० किलोमीटर. हायड्रोप्लेन म्हणजे वेगात आली की जवळजवळ पाण्याबाहेर उचलली जाऊन पळणारी शर्यतीची बोट. एवढी मोठी रिमोटची बोट घरी बांधता येते का, तर येते. सोल्डरिंग जमत असेल, पॉलिश पेपर घासायचा कंटाळा नसेल आणि यापूर्वी रिमोटची एखादी गाडी किंवा विमान चालवलं असेल तर हे काम तुमच्या आवाक्यातलं आहे. यातलं काहीच केलं नसेल, तर आधी छोटी तयार बोट घेऊन एक उन्हाळा काढा आणि मग इकडे या.

नवखा माणूस बहुधा सुरुवात मोटर आणि बॅटरीपासून करतो. हे चूक नाही, पण उलटं आहे. मोटर, स्पीड कंट्रोलर, बॅटरी हे सगळं पैसे टाकले की मिळतं. बोट पाण्यावर सरळ पळणार की कोलांटी मारणार हे ठरतं दोन्ही स्पॉन्सन, म्हणजे बोटीच्या पुढच्या दोन बाजूंचे पाण्यावर सरकणारे भाग, एकमेकांशी किती जुळलेत यावर, आणि ते दुकानात मिळत नाही. म्हणून या लेखात मोजमापावर जास्त लिहिलं आहे, रंगावर जवळपास काहीच नाही.

आधी खरी बोट समजून घ्या

२६ जून १९५० रोजी सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर स्टॅनले सेयर्स यांनी ‘स्लो-मो-शन ४’ ही बोट ताशी १६० मैलांनी, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरने पळवली. आधीचा जागतिक विक्रम १८ मैलांहून अधिक फरकाने मोडला गेला. टेड जोन्स यांनी आराखडा केलेली ही बोट वेगात आली की पाण्याला फक्त तीन ठिकाणी टेकायची: पुढच्या दोन स्पॉन्सनची मागची टोकं आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) खालचा अर्धा भाग. पंख्याचा वरचा अर्धा भाग हवेत. बाकीची सगळी बोट हवेच्या उशीवर. सिएटलमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला होणाऱ्या सीफेअरच्या शर्यतीत आज धावणाऱ्या बोटी याच तत्त्वावर चालतात, फक्त जुन्या विमानांच्या पिस्टन इंजिनांऐवजी त्यांत चिनूक हेलिकॉप्टरचं टर्बाइन असतं. तिकडच्या मराठी मंडळींनी हा आवाज घरबसल्या ऐकला असेल.

हवेची उशी जपून वापरायची गोष्ट आहे. नाक जरा जास्त वर गेलं की तळाखाली शिरलेली हवा बोट उचलून मागे फेकते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमध्ये कॉनिस्टन वॉटरवर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड के७’ अशीच उलटली आणि त्यात ते गेले. तुमच्या मॉडेललाही भौतिकशास्त्र तेच लागू. पुढे स्ट्रटच्या, म्हणजे पंख्याचा दांडा मागे धरून ठेवणाऱ्या आधाराच्या, उंचीवर एवढं का बोललो आहे ते इथून लक्षात येईल. आणि घरगुती बांधणीला कमी लेखणाऱ्यांना सांगण्यासाठी: केन वॉर्बी यांनी सिडनीत घराच्या मागच्या अंगणात लाकूड आणि फायबरग्लासची बोट बांधली, आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी तिनेच ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला.

आता स्केल. खरी बोट साडेआठ मीटरच्या आसपास, म्हणून १/८ मध्ये ती १ मीटर ६ सेंटिमीटर. वजन मात्र आठाने नाही, आठ गुणिले आठ गुणिले आठ म्हणजे ५१२ ने कमी होतं. तीन टनांची बोट सहा किलोला थोडी कमी भरते. तुमची बोट सात किलोच्या वर जायला लागली तर कुठेतरी इपॉक्सी जास्त ओतलं जातंय असं समजा.

एक सापळा इथेच सांगतो. खऱ्या बोटी शर्यतीत डावीकडे वळतात, त्यामुळे त्यांचं टर्न फिन, म्हणजे वळताना बोट घसरू नये म्हणून पाण्यात बुडणारं उभं पातं, डाव्या स्पॉन्सनला असतं. मॉडेल बोटींच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे उजवीकडे वळत होतात. अमेरिकेतल्या नॅम्बा आणि आयएमपीबीए या दोन्ही संघटनांत हाच रिवाज आहे. फोटो बघून हुबेहूब बांधणारे फिन डावीकडे लावून मोकळे होतात आणि पहिल्याच वळणावर बोट घसरत बाहेर जाते. मॉडेलचं फिन उजवीकडे.

किट घ्या, आराखडा नको

पहिल्या बोटीसाठी लेझरने कापलेलं प्लायवूडचं किट घ्यावं. नुसत्या कागदी आराखड्यावरून फासळ्या कापत बसलात तर उत्साह सांगाड्यातच संपतो. मॉडेल निवडताना पुढे दोन सुळे असलेली, म्हणजे पिकलफोर्क नाकाची नवी बोट घ्या. मागे आडवा पंख असेल तर आणखी चांगलं, तो शेपूट स्थिर ठेवतो. पन्नाशीच्या दशकातल्या गोल नाकाच्या बोटी दिसायला फार देखण्या, पण माझ्या मते ते दुसऱ्या बोटीचं काम आहे.

भारतात बसून किट मागवायचं तर वाहतूक आणि कस्टम धरून हिशोब करा. लाकूड इथेच घ्यायचं असेल तर एरोमॉडेलिंगच्या दुकानातलं बर्च प्लाय घ्या: फासळ्यांना ३ मिलिमीटर, कातडीला (सांगाड्यावरच्या पातळ आवरणाला) दीड. फर्निचरवाल्याकडचं मरीन प्लाय पाण्याला टिकेल, पण ते या कामाला जाड आणि जड आहे.

सपाट पाट

बांधणीचा पाट खरोखर सपाट हवा. एमडीएफची फळी भिंतीला टेकवून ठेवली की महिनाभरात वाकते. महाराष्ट्रात यावर उत्तम उपाय आहे: फरशीवाल्याकडे जाऊन पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटचा सव्वा मीटर लांबीचा तुकडा मागा. ओट्यासाठी कापून उरलेले तुकडे पडलेले असतात आणि स्वस्तात मिळतात. स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते तिथेच बघून घ्या. वर बेकिंगचा बटर पेपर टाकला की इपॉक्सी दगडाला चिकटत नाही. घरातला ओटाच वापरायचा विचार मनात आला असेल, तर तो घरच्यांना आधी सांगा.

मधला सांगाडा आधी उभा करायचा. फासळ्या खाचांत कोरड्या बसवा, गुण्या लावून काटकोन तपासा, मग इन्स्टंट ग्लूचे ठिपके देऊन पकडा आणि सगळं सरळ आहे याची खात्री झाल्यावरच सांध्यांत इपॉक्सी फिरवा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी इथे नको. ते ठिसूळ होतं आणि पाण्याला नीट टिकत नाही. साधं सावकाश सुकणारं अरल्डाइट किंवा लॅमिनेटिंग इपॉक्सी वापरा. सिएटलच्या थंड गॅरेजमध्ये ते दोन दिवस चिकट राहतं, हीटर लावावा लागतो. कोकणात पावसाळ्यात वेगळी अडचण: सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. त्यावर पुढचा हात दिला तर तो सोलून निघतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग घासा.

स्पॉन्सन: इथे वेळ घालवा

स्पॉन्सनच्या तळाचा मागचा भाग पाण्यावर सरकतो. तो पुढे थोडा उचललेला असतो. बहुतेक आराखड्यांत हा कोन ३ ते ४ अंशांचा. कोन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उंचीत मोजायचा. समजा सरकणाऱ्या पृष्ठाची लांबी १५० मिलिमीटर आणि कोन साडेतीन अंश. मग पुढची कड मागच्या कडेपेक्षा ९.२ मिलिमीटर वर हवी. दुसऱ्या बाजूला तेच माप १०.५ आलं तर तो कोन चार अंश झाला. सव्वा मिलिमीटरचा फरक, पण ती बाजू जास्त उचलते, बोट एका अंगावर कलते आणि वेगात डुलायला लागते. मग माणूस पंखे बदलत बसतो, रडर बदलतो, आणि दोष मुळात फळीवर झालेला असतो.

मोजायची पद्धत साधी आहे. बोटीचा मधला तळ ग्रॅनाइटवर दोन सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवा. ठोकळे एकाच पट्टीतून कापा. मग व्हर्नियरने दगडापासून चार उंच्या घ्या: डावी पुढची, डावी मागची, उजवी पुढची, उजवी मागची. चारही आकडे पेन्सिलीने स्पॉन्सनवरच लिहा. डावी-उजवी जोडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली पाहिजे. नाही आली तर जास्त उतरलेल्या बाजूला घासा, कमी बाजूला इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ कणांची हलकी पूड) कालवून लेप द्या, परत मोजा. हे मोजणं तळाची कातडी चिकटवण्याआधी एकदा, नंतर एकदा आणि रंगाआधी शेवटचं.

दुसरी गोष्ट, कडा. स्पॉन्सनची मागची खालची कड धारदार हवी. पॉलिश पेपर बोटांत धरून घासला की ती नकळत गोल होते आणि गोल कडेवरून पाणी सुटत नाही, वर चढतं. कडेवर पातळ इन्स्टंट ग्लू मुरवून ती टणक करा आणि पेपर नेहमी सपाट ठोकळ्याला गुंडाळूनच चालवा. नख फिरवल्यावर नख अडकलं पाहिजे.

वरची कातडी बंद करण्याआधी आतून सगळीकडे पातळ इपॉक्सीचा हात द्या. एकदा डेक बसला की आत ब्रश जात नाही, आणि कच्चं राहिलेलं प्लाय पाणी पिऊन फुगतं. स्पॉन्सनच्या पोकळीत हलका बंद पेशींचा फोम भरा. बोट उलटली, झाकण उडालं, आत पाणी भरलं तरी ती बुडता कामा नये. बॅटऱ्यांचं वजन धरून फोम पुरतो का, ते बाथटबमध्ये किंवा पिंपात दाबून बघता येतं.

पंखा, केबल, स्ट्रट

मोटरपासून पंख्यापर्यंत ताकद जाते ती लवचिक स्टीलच्या केबलमधून. या आकाराच्या बोटीला साधारण पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची केबल लागते. ती पितळी नळीतून जाते आणि नळीला सलग हलका बाक हवा, कुठेही कोपरा नको. केबल हाताने फिरवून बघा, अडखळली तर नळी परत वाकवा. केबलच्या विणीची दिशाही बघून घ्या: मोटरच्या फिरण्याने वीण आवळली गेली पाहिजे, उकलली जाता कामा नये.

एक बारीक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. जोर आला की केबल आवळते आणि आखूड होते. म्हणून पंख्याच्या पुढचा ड्राइव्ह डॉग (दांड्यावर बसून पंख्याला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटचं टोक यांत २ ते ३ मिलिमीटर फट सोडायची. फट नसली तर डॉग स्ट्रटवर घासतो, मोटर तापते आणि कारण सापडत नाही.

पंखा घेतला तसा लावू नका. ओतीव पंख्याच्या पुढच्या कडेला कानस आणि पेपरने धार द्या, मग चुंबकी बॅलन्सरवर टांगून जड पातं मागून घासा. पंखा बेरिलियम-तांब्याचा असेल तर त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओलं करूनच घासा, मास्क लावा, पाणी पुसलेला कागद फेकून द्या. धार दिलेला पंखा हाताचं बोट कापतो हे सांगायला नको, पण सांगतो.

रडर ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, उजव्या बाजूला येतो. त्याच्या ब्रॅकेटला एक नायलॉनचा स्क्रू ठेवा, म्हणजे ओंडक्याला धडकल्यावर स्क्रू तुटेल, ट्रान्सम नाही. रडरमध्येच पाणी ओढणारं भोक असतं. तिथून सिलिकॉनची नळी स्पीड कंट्रोलरला, मग मोटरच्या जॅकेटला आणि शेवटी बोटीच्या बाजूने बाहेर. बाहेरचं तोंड किनाऱ्यावरून दिसेल असं ठेवा. पिचकारी दिसली नाही की बोट परत आणायची.

वीज

या वर्गात १०एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या दहा सेलची बॅटरी चालते: ५एस चे दोन पॅक एकापुढे एक जोडून. नाममात्र ३७ व्होल्ट, पूर्ण चार्जला ४२. मोटरचे बिनभाराचे फेरे मिनिटाला २५ ते २८ हजारांच्या दरम्यान ठेवायचे, म्हणजे ३७ ला ७३० केव्हीने (केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाचे फेरे) गुणलं की २७ हजार येतात. मोटर ब्रशलेस, ५६ मिलिमीटर व्यासाच्या घरातली. १०० अँपिअर ओढले की ३.७ किलोवॉट, म्हणजे पाच एचपी. विहिरीवरच्या मोटरीची ताकद तुम्ही मीटरभर लाकडात बसवताय. स्पीड कंट्रोलर या व्होल्टेजचा, पाण्याने थंड होणारा आणि किमान २०० अँपिअरचा घ्या. कागदावरचे आकडे नेहमी थोडे फुगवलेले असतात.

भारतात ५एस पॅक सहज मिळत नाहीत आणि परदेशातून विमानाने लिथियम बॅटरी मागवणं कटकटीचं आहे. ड्रोनचं सामान विकणाऱ्यांकडे ४एस सर्रास मिळतात. दोन जोडा, ८एस करा, ९०० केव्हीची मोटर घ्या. फेरे तेवढेच येतात. थोडी ताकद कमी, पहिल्या बोटीला पुरून उरते. ६एस चे दोन जोडून १२एस करायचा मोह मात्र टाळा.

५००० एमएएचच्या पॅकमधून चार हजारच वापरायचे. सरासरी ८० अँपिअर धरले तर ते तीन मिनिटांत संपतात. टायमर रेडिओवर लावा, अंदाजावर राहू नका.

बॅटरी आणि स्पीड कंट्रोलरमधल्या वायरी जितक्या आखूड तितक्या चांगल्या. त्या लांबल्या की कंट्रोलरचे कपॅसिटर मरतात. अंतर जास्तच असेल तर मोटरच्या बाजूच्या तीन वायरी वाढवा. ४२ व्होल्ट जोडताना मोठी ठिणगी उडते, म्हणून अँटी-स्पार्क प्लग वापरा. मुख्य वायरीतून एक लूप काढून डेकच्या बाहेर ठेवा, जो ओढला की बोट मेली. पाण्यातून बोट उचलायची ती लूप काढल्यावरच. झाकण टेपने बंद असताना आतला प्लग काढता येत नाही, आणि तेवढ्यात कोणाचा हात रेडिओला लागला तर बोटं जातात. स्टँडवर मोटरची दिशा तपासताना पंखा काढलेला असावा. उलट फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

रिसीव्हर पाण्यापासून बंद डबीत. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही आणि कार्बन फायबर तिला अडवतो, म्हणून अँटेनाचं टोक डेकच्या वर, प्लॅस्टिकच्या नळीत उभं. रिसीव्हरला वेगळी छोटी बॅटरी दिली की मुख्य पॅक बसला तरी सुकाणू हातात राहतं. फेलसेफ, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटला की मोटर आपोआप थांबणं, नक्की तपासा: बोट स्टँडवर, थ्रॉटल थोडा दिलेला, आणि रेडिओ बंद करा. मोटर थांबली नाही तर तळ्यावर जाऊच नका.

पाण्यात घालण्याआधी आणि नंतर

तोल बघण्यासाठी बॅटऱ्या बसवून बोट दोन बोटांवर उचला. समतोलाचा बिंदू स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या थोडा मागे येतो. नेमकं माप आराखड्यात असतं. तो जुळवायला शिसं घालण्याआधी बॅटऱ्या पुढे-मागे सरकवून बघा.

आता पंखा काढून बोट पुन्हा ग्रॅनाइटवर ठेवा. आराखड्यात वेगळं लिहिलं नसेल तर सुरुवातीला स्ट्रटचा तळ स्पॉन्सनच्या तळाच्याच पातळीत आणि दगडाला समांतर. पाण्यावर गेल्यावर नाक हवेत चढत असेल तर स्ट्रट अर्धा मिलिमीटर खाली करा. शेपूट वर उचललं जातं आणि नाक खाली येतं. उलट बोट पाण्याला चिकटून जड चालत असेल, तर स्ट्रट वर. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. स्ट्रट, पंखा आणि बॅटरीची जागा एकदम बदलली की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलवर, शांत पाण्यात, वारा पडलेला असताना. सकाळी सातच्या आधीची वेळ उत्तम. अर्ध्या मिनिटाने परत आणा, लूप काढा, झाकण उघडा, मोटर आणि कंट्रोलरला हाताचं बोट लावून बघा. तीन सेकंद बोट टेकवून ठेवता आलं नाही तर मोटर जास्त तापली आहे. एक आकार लहान पंखा लावा. वळणावर थ्रॉटल एकदम सोडू नका. नाक पाण्यात खुपसतं.

जागा निवडताना डोकं शाबूत ठेवा. पोहणारे, बगळे, मासेमारीच्या होड्या असतील तिथे ही बोट नकोच. महाराष्ट्रातली बहुतेक मोठी तळी धरणाची किंवा पालिकेची आहेत, तेव्हा परवानगी विचारून घ्या. पुण्याच्या पाषाण तलावासारख्या ठिकाणी जलपर्णी असते, तिचे तंतू पंख्यात गुंडाळले की केबल पिळवटून जाते. बंद पडलेली बोट आणायला स्वतः पोहत जायचं नाही. पवईत तर नाहीच, तिथे मगरी आहेत. मासे पकडायच्या गळाला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीपलीकडे टाकायचा आणि हळूहळू ओढायचं, किंवा छोटी होडी आणि लाइफ जॅकेट बरोबर न्यायचं.

घरी आल्यावर टेप काढून झाकण उघडं ठेवा, आत स्पंज फिरवा. केबल पूर्ण बाहेर ओढा, पुसा, मरीन ग्रीस लावून परत घाला. गोव्याच्या खाडीत चालवली असेल तर आधी सगळं गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर आठवडाभरात केबलला गंज दिसतो. बॅटऱ्या थंड झाल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवा. एखादा पॅक फुगलेला दिसला तर तो परत चार्ज करायचा नाही, कितीही महाग असला तरी.